शून्यावर आणताना

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, सकाळी सहा चाळीसला,
नोकरी सुरू व्हायच्या आधीच मी नोकरीला निघाले:
किती वेळ लागतो ते पाहायला.
शेजारच्या सीटवर बाबा,
मांडीवर थर्मास, थर्मासवर नकाशा, उलटा धरलेला.

शॉमबर्ग. इमारतीपेक्षा तिचं पार्किंग मोठं.
इथं मला वजनकाटे तपासायचे आहेत,
औषधकंपन्यांचे, विमानतळावरचे, एखाद्या खाटकाचेही.
डलूथमध्ये वीस वर्षं हेच केलं:
प्रमाणित वजनं पेटीतून हातमोज्यांनी उचलायची
(बोटाच्या घामालाही वजन असतं),
काटा शून्यावर आणायचा
आणि मग बघायचं तो किती खोटं बोलतो.

तर घर.

पहिलं ऑफिसपासून चार मिनिटांवर.
नवा गालिचा, बदामी भिंती,
तळ्याकाठी कुणालाच न घाबरणारे हंस.
दाखवणारा ट्रेंट म्हणाला, इथं सगळं जवळ आहे.
बाबांनी विचारलं, चालत?
तो हसला. त्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय.

दुसरं एल्जिनला, नदीपाशी. लाकडी, स्वस्त.
तळघराच्या भिंतीवर पाण्याची रेघ, गुडघ्याएवढी.
"ती जुनी आहे," मालकीण म्हणाली,
आणि रेघेसमोर कपड्यांची टोपली सरकवून उभी राहिली.

तिसरं शिकागोत, पोर्टेज पार्कला,
दुसऱ्या मजल्यावर, सतरा पायऱ्या.
तिथून ऑफिस पन्नास मिनिटं.
लोक म्हणतात तू उलट दिशेनं जाणार, रस्ता मोकळा.
लोकांनी तो रस्ता कधी पाहिलेला नसतो.

रात्री मोटेलमध्ये मी तक्ता मांडला:
भाडं, पेट्रोल, मिनिटं, पायऱ्या.
चार मिनिटांचं घर जिंकत होतं, पुन्हा पुन्हा जिंकत होतं,
इतकं सहज की मला माझाच संशय आला.
दुकानदारांच्या वीस तऱ्हा पाहिल्यात मी.
काटा मारणारा कधीच दांडी वाकवत नाही,
अंगठा नुसता टेकवतो.
मिनिटं सगळी माझी होती.
बाबांचे दिवसाचे अकरा तास
मी कुठल्याच रकान्यात लिहिले नव्हते.

शुक्रवारी पुन्हा पोर्टेज पार्क. रात्रभर बर्फ पडलेला.
रस्त्यात, दोन गाड्यांच्या मध्ये,
स्वयंपाकघरातली एक पिवळी खुर्ची,
एकटी, कोणाला तरी ताटकळल्यासारखी.
बाबा थबकले. हे काय?

खालच्या मजल्यावरच्या ऑर्टेन्सियाबाई मीठ टाकत होत्या.
"ज्यानं बर्फ उपसला, जागा त्याची.
कायद्यात नाही. पण हलवत नाही कोणी.
हलवली तर मग," त्या म्हणाल्या,
आणि पुढचं वाक्य मिठाबरोबर पायरीवर पडलं.

बाबा वाकले. चाळीस वर्षं खनिजाच्या धक्क्यावर
फावडं चालवलेला माणूस
बर्फाच्या कडा बघत होता, कारागीर कारागिराचं काम बघतो तसा.
"दोन तासांचं काम. नीट केलंय."
मग खुर्चीचा पाय, सुतळीनं बांधलेला:
"गाठ मात्र चुकलीय."
आई गेल्यापासून त्यांनी कशातच चूक काढली नव्हती.

मी तिथंच, टोपीवर बर्फ घेऊन, ट्रेंटला नाही कळवलं.

शहाणपण केलं असं म्हणत नाही.
काल सत्तर मिनिटं लागली; वाटेत मी
टोलनाक्याला, ट्रकवाल्याला, स्वतःला शिव्या घातल्या.
पायऱ्या सतराच आहेत, आणि बाबा अकरावीला थांबतात,
कठडा बघतोय असं दाखवत.

आता जून आहे. बर्फाला सहा महिने तरी.
सामान लागलं. टेबलाभोवती तीनच खुर्च्या.
चौथी दाराआड उभी आहे,
तिच्या पायाला नवी सुतळी,
गाठ बरोबर.